लेन्स टिंटिंग आपल्याच वर्कशॉपमध्ये: रंग कोणते घ्यावेत, टाक्या किती?

जुनीफ्रेम

मंडळी, एजिंग (लेन्स फ्रेमच्या मापाने कापणं) आणि फिटिंग आमच्याकडेच होतं. टिंटिंग, म्हणजे लेन्स गरम रंगात बुडवून रंगवणं, तेवढं बाहेरच्या लॅबकडे जातं आणि त्याला आता वैतागलोय. उशीर होतो ते एक वेळ चालवून घेतलं असतं, पण जोडीतली एकच काच बदलायची वेळ आली की नवी काच जुनीशी जुळून आली असं क्वचितच होतं. डावी तपकिरी, उजवी विटकरी. गिऱ्हाईक आधी आरशात बघतं, मग आपल्याकडे बघतं.

म्हणून मशीन घ्यायचं मनात आहे. कॅटलॉग चाळले तर डोकं गरगरलं. नुसत्या ग्रेचेच इतके प्रकार की पॅन्टच्या कापडाच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. रंगाच्या दोन टाक्यांपासून आठ टाक्यांपर्यंत मशीनं आहेत. तयार ग्रे-ब्राऊन घ्यावेत की लाल, पिवळा, निळा घेऊन आपणच मिसळावेत? आणि मशीन सोडून आणखी काय काय लागतं, जे विकणारा सांगत नाही?

आमच्याकडे बहुतेक काम सीआर-३९ चं, म्हणजे साध्या प्लास्टिक लेन्सचं. थोडं पॉली (पॉलीकार्बोनेट), थोडं १.६० आणि १.६७ इंडेक्सच्या पातळ लेन्स.

रंगारी

रंगाचं नंतर बघू, आधी काच. रंगाच्या बाटल्या घेऊन बसलेले आणि "पॉलीला रंगच चढत नाही" म्हणून रडणारे खूप पाहिलेत.

सीआर-३९ वर कोट नसेल तर ती रंग पटापट पिते. फिकट फॅशन शेड मिनिटा-दोन मिनिटांत होते, गॉगलसारखी गडद हवी असेल तर पंधरा-वीस मिनिटं धरा, टाकीतला रंग जुना असेल तर जास्त. पॉलीकार्बोनेट स्वतः रंग घेत नाही. त्यात जो रंग दिसतो तो वरच्या हार्ड कोटात बसलेला असतो, आणि तो कोटही टिंटेबल असला पाहिजे. म्हणजे पॉली मागवतानाच टिंटेबल कोटची मागवायची. तरीही सीआर-३९ इतका काळाकुट्ट गॉगल पॉलीत होईल असं गिऱ्हाइकाला कबूल करू नका. १.६० बऱ्यापैकी ऐकते, १.६७ ला वेळ लागतो, १.७४ च्या नादी लागू नका.

एआर, म्हणजे चकाकी कमी करणारं, कोटिंग झालेली लेन्स टाकीत घालायचीच नाही. रंग आत जाणार नाही, वर कोटिंगला जाळी पडेल. रंग आधी, एआर नंतर. आणि एआरच्या आधीच्या धुण्यात नि व्हॅक्यूमच्या उष्णतेत शेड किंचित उतरते, म्हणून एआरला जाणारी जोडी मागितल्यापेक्षा जराशी गडदच काढायची.

उगाच_कोणीतरी

"१.७४ च्या नादी लागू नका" हे वाक्य आमच्याकडे टिंटिंगशिवायही लागू पडतं. बिल बघून.

मायनस_साडेसहा

मी धंद्यातला नाही, नुसता गिऱ्हाईक. एक बाळबोध शंका. माझ्या काचा मध्ये पातळ आणि कडेला जाडजूड. रंगात बुडवल्या तर कडा गडद आणि मधला भाग फिका दिसणार नाही का? वडिलांच्या जुन्या रंगीत काचा अगदी तशाच दिसायच्या, म्हणून मी आजवर टिंटच्या वाटेला गेलो नाही.

भिंगरी

@मायनस_साडेसहा, शंका बाळबोध नाही, उलट मुद्द्याची आहे. वडिलांच्या काचा खरोखरच्या काचेच्या असणार. त्यात रंग काच वितळवतानाच मिसळलेला असतो, म्हणजे आरपार रंग. जिथे जाडी जास्त तिथे प्रकाश जास्त अडतो, म्हणून मायनसच्या कडा गडद आणि प्लसचा मध्यभाग गडद. प्लास्टिक लेन्स गरम रंगात बुडवली की रंग फक्त पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात शिरतो. तो थर मध्येही तेवढाच आणि कडेलाही तेवढाच. त्यामुळे साडेसहा काय, आणखी मोठा नंबर असला तरी शेड एकसारखी येते. मोठ्या नंबरवाल्यांसाठी प्लास्टिकच्या टिंटचा हा खरा फायदा आहे आणि दुकानात तो कोणी सांगत नाही.

हाच नियम उलटा वापरला तर एक गोष्ट कळते: रंग वरवर असल्यामुळे तो काढताही येतो. काचेतला रंग काढता येत नाही.

मायनस_साडेसहा

इतकी वर्षं उगाच उन्हात डोळे बारीक करत फिरलो म्हणायचं.

खटपट्या

कपड्यांच्या रंगात करून बघा की. पॉलिस्टरसाठी जे रंग मिळतात, रिट डायमोअर वगैरे, ते डिस्पर्स डायच (पाण्यात न विरघळता तरंगणारे रंग) असतात आणि लेन्सचे रंगही त्याच जातीचे. जुन्या पातेल्यात पाणी, रंग, थर्मामीटर, आणि तारेचा आकडा करून लेन्स सोडायची. माझ्या सायकलिंगच्या चष्म्याला केशरी छटा अशीच दिली, छान आहे. मशीनच्या भानगडीत कशाला पडता?

रंगारी

छान असेल, पण ती एकच जोडी आहे आणि गिऱ्हाईक तुम्ही स्वतः आहात. पुढच्या महिन्यात तशीच्या तशी जोडी काढून दाखवा. कापडाला रंगाचा बारीक कण चिकटला तर कोणाला दिसत नाही. लेन्सवर तोच कण बुबुळासमोर ठिपका होऊन बसतो. लेन्सचे रंग त्यासाठीच जास्त बारीक दळलेले आणि एकमेकांशी जुळते बनवलेले असतात. हौसेला तुमची पद्धत ठीक आहे, पण पैसे घेऊन करायच्या कामाला नाही. आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, एवढं तरी ऐका.

उगाच_कोणीतरी

@खटपट्या, वहिनींना हा धागा दाखवू का?

खटपट्या

पातेलं कुठलं ते त्यांना अजून कळलेलं नाही. धागा इथेच राहू द्या.

भिंगरी

मूळ प्रश्नावर. माझं मत असं की तीन मूळ रंग पुरतात. लाल, पिवळा, निळा घ्या, प्रमाणं लिहून ठेवा, हवा तो ग्रे आणि हवा तो ब्राऊन त्यातूनच निघतो. तयार ग्रेच्या बाटलीतही शेवटी तीन-चार रंगच असतात. मग डझनभर बाटल्या कपाटात कशाला साठवायच्या?

रंगारी

भिंगरीताई, कागदावर बरोबर आहे, पण टाकी कागद वाचत नाही. प्रत्येक रंग लेन्समध्ये वेगवेगळ्या वेगाने शिरतो. त्यात सीआर-३९ मध्ये एकाचा वेग एक, पॉलीच्या कोटात त्याचाच वेग दुसरा. एकाच ग्रे टाकीत दोन्ही घाला: सीआर-३९ छान राखाडी येईल, पॉली जांभळट. तयार ग्रे बनवणाऱ्याने हे वेग जुळवायला बरीच डोकेफोड केलेली असते. ती मेहनत आपण पुन्हा करायची नाही. मूळ रंग घ्यायचे, पण दुरुस्तीसाठी.

भिंगरी

पण तयार ग्रेसुद्धा जुना झाला की लालसर किंवा निळसर देतोच ना? म्हणजे त्यातला एक घटक आधी संपतो. मग मेहनत फुकटच.

रंगारी

देतोच. म्हणून तर दुरुस्तीचे रंग लागतात. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

भिंगरी

मी माझीच मांडतेय, ती तुमच्या बाजूला झुकते त्याला मी काय करू. तरी लाल-पिवळा-निळा हे तिन्ही घ्यायला लागणार हे तुम्हीही मान्य केलंत, एवढं नोंदवून ठेवते.

शून्य_सिलिंडर

दोघांचं चालू द्या. आमच्याकडे छोटं मशीन आहे, त्यावर रोज काम होतं, म्हणून दुरुस्ती प्रत्यक्षात कशी करतो ते लिहितो.

पांढरा कागद घ्यायचा, अगदी कोरा, निळसर झाक असलेला नको. लेन्स टाकीतून काढून धुवायची, पुसायची, पूर्ण कोरडी करायची. ओली लेन्स फसवते. मग ती कागदावर टेकवून नाही, चार बोटं वर धरून बघायची आणि शेजारी नमुन्याची लेन्स धरायची. नुसत्या लेन्सकडे बघून "ग्रे आहे" वाटतं. नमुना शेजारी आला की लगेच कळतं कुठे झुकलीय. लालसर असेल तर हिरव्यात काही सेकंद, हिरवट असेल तर लालात, जांभळट असेल तर पिवळ्यात, पिवळट असेल तर निळ्यात थोडं. सेकंदच बरं का, मिनिटं नाहीत. दुरुस्तीने लेन्स नेहमी आणखी गडद होते, कारण आपण रंगात रंगच घालतोय. म्हणून दुरुस्ती लागणार अशी शंका असेल तर मुख्य टाकीतून जरा आधीच बाहेर काढायची.

आणि हे सगळं ट्यूबलाइटखाली करू नका. ट्यूबखाली जुळलेली जोडी बाहेर उन्हात नेली की दोन वेगळ्या काचा दिसतात. खिडकी उत्तम. खिडकी नसेल तर दिवसाच्या उजेडासारखा दिवा असलेली लाइट बॉक्स. मी म्हणेन की सहा टाक्यांच्या जागी चार घ्या आणि उरलेल्या पैशात ही पेटी आणि एक ट्रान्समिशन मीटर (लेन्समधून किती उजेड जातो ते मोजणारं) घ्या. "पन्नास टक्के ग्रे" हे डोळ्यांनी ठरत नाही. सकाळी ताज्या डोळ्यांनी पन्नास वाटतं ते संध्याकाळी चाळीस असतं.

जुनीफ्रेम

@शून्य_सिलिंडर, हे सोन्यासारखं आहे. एकच काच जुळवायची असेल तेव्हाही हेच करता का? माझं मूळ दुखणं तेच आहे.

शून्य_सिलिंडर

शक्य असेल तर ते टाळतो. जोडी नेहमी एकाच कंपनीची, एकाच खेपेची, एकाच होल्डरमध्ये शेजारी लावून, एकाच वेळी बुडवायची. एकच बदलायची असेल तर मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो की जुन्या काचेची शेड वापरून थोडी उतरलेली आहे, नवी तिच्याशी तंतोतंत जुळेल याची हमी नाही, दोन्ही करू. जमलंच नाही तर फिकट काढायची आणि हळूहळू जुन्या काचेपर्यंत आणायची. पुढे जाणं सोपं, मागे येणं अवघड.

डोळस

मागे येण्यावरून: न्यूट्रलायझरची टाकी नक्की ठेवा. गरम न्यूट्रलायझरमध्ये रंग उतरतो, शेड फार गडद झाली तर तिथे जरा हलकी करता येते. पण त्यातून लेन्स कोरी करकरीत होऊन निघेल अशी आशा नको. बऱ्याचदा पिवळट किंवा गुलाबीसर छटा मागे राहते. अशा लेन्सवर पुन्हा गडद ब्राऊन चढवता येतो, फिकट निळा मात्र येत नाही.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. रंगाच्या आधी यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांचं, बघा. सीआर-३९ साधारण ३५० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचंच अडवते. त्यावर गडद ग्रे चढवला की डोळ्यांना वाटतं उजेड कमी झाला, बाहुली मोठी होते आणि न अडलेलं यूव्ही त्या मोठ्या बाहुलीतून आत जातं. रंग गडद आहे म्हणजे संरक्षण आहे असं अजिबात नाही. सीआर-३९ साठी यूव्ही डायची टाकी हवीच, म्हणजे ४०० पर्यंत पोचता येतं. ती डाय जवळपास बिनरंगी असते, किंचित पिवळट झाक देते. पॉलीला ही टाकी लागत नाही, तिच्यात मुळातच यूव्ही अडतं.

आणि यूव्ही आधी, रंग नंतर. उलट केलं तर त्या गरम टाकीत चढवलेला रंग थोडा सुटतो आणि यूव्हीची टाकीही मळते.

जुनीफ्रेम

म्हणजे ग्रे, ब्राऊन, यूव्ही, न्यूट्रलायझर. चार भरल्या. दुरुस्तीचे लाल, पिवळा, निळा, हिरवा कुठे ठेवायचे?

उगाच_कोणीतरी

@खटपट्यांच्या पातेल्यात.

शून्य_सिलिंडर

हसू नका, जवळपास तसंच करतो. दुरुस्तीच्या रंगांना सतत तापवत ठेवायची गरज नसते. स्टीलच्या छोट्या भांड्यांत झाकण लावून ठेवतो, लागेल तेव्हा टाकीच्या जागी बसवतो. टाक्या काढता-घालता येण्यासारख्या आहेत का, हे मशीन घेताना बघा. काही मशीनांत एका मोठ्या खाचेत दोन अर्ध्या टाक्या बसतात, दुरुस्तीच्या रंगांना त्या सोयीच्या.

अक्षवृत्त

मशीनबद्दल थोडं, कारण रंगांवरच गाडी अडकलीय.

तापमान हा या कामाचा अर्धा जीव आहे. रंगाची टाकी ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान हवी. पाच-सहा अंश खाली गेली की रंग शिरायला फार वेळ लागतो आणि घटक रंग वेगवेगळ्या वेगाने गेल्यामुळे शेडही बदलते. उकळू दिलीत तर बुडबुड्यांचे डाग. आता खरी मेख: टाक्या एका मोठ्या भांड्यातल्या गरम द्रवात बसवलेल्या असतात, आणि मशीनवरचा आकडा बहुतेक वेळा बाहेरच्या द्रवाचा असतो, टाकीतल्या रंगाचा नव्हे. टाकीत प्रत्यक्षात काही अंश कमीच असतं, झाकण उघडं राहिलं तर आणखी कमी. म्हणून एक साधा थर्मामीटर घेऊन प्रत्येक टाकीत वेगवेगळं मोजा आणि मशीन त्याप्रमाणे लावा. कोपऱ्यातली टाकी मधल्या टाकीपेक्षा गार असते, हेही तेव्हाच कळेल.

बाहेरच्या भांड्यात मशीनवाल्याने सांगितलेलाच द्रव घाला. साधं पाणी भराभर उडून जातं. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट तर मुळीच नको. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि दिवसभर त्याची वाफ घेत उभं राहायचं नाही.

रंगात डिस्टिल्ड पाणीच. एक भाग रंगाला साधारण दहा भाग पाणी, पण बाटलीवर लिहिलंय ते खरं. नळाच्या क्षारयुक्त पाण्यात रंगाचे गोळे होतात. रोज पातळी खाली जाते ती पाणी उडाल्यामुळे, रंग उडत नाही, म्हणून भर घालायची ती नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची. काम संपलं की झाकणं. सकाळी बुडापासून ढवळायचं, कारण हे रंग पाण्यात विरघळलेले नसतात, तरंगत असतात आणि रात्रीत खाली बसतात.

रंगारी

ढवळण्याचा मुद्दा दोनदा वाचा. दर जोडीआधी ढवळायचं, नुसतं सकाळी नाही.

काचेरी

ग्रेडियंटबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडे बायकांच्या चष्म्यांना तेच जास्त मागतात. हाताने वरखाली केलं तर जमेल का?

शून्य_सिलिंडर

एकदोन जोड्या हाताने जमतात, मग खांदा भरून येतो आणि जिथे हात थांबतो तिथे रेघ उमटते. ग्रेडियंटची मोटर घ्या. लेन्स उलटी लावायची, वरचा भाग खाली. तो जास्त वेळ रंगात राहतो, म्हणून गडद. मोटर सलग वरखाली होत राहते, कडा कुठेच ठरत नाही, रंग विरघळत गेल्यासारखा दिसतो. दर थोड्या वेळाने ढवळायचं आणि वर आलेला फेस काढायचा. फेसाचा काठ जिथे लेन्सला लागतो तिथे ठिपक्यांची ओळ पडते.

फ्रेम बघूनच उंची ठरवा. उंचीला छोट्या फ्रेममध्ये ग्रेडियंट घेतलं तर बाहुलीसमोरच अर्धवट शेड येते आणि बाई परत येतात, "एकाच डोळ्याने धुरकट दिसतंय" म्हणून. होल्डर तिरका बसला होता एवढंच.

काचेरी

एजिंग आधी की टिंट आधी?

अक्षवृत्त

दोन्ही पंथ आहेत. आम्ही कापून मग रंगवतो, म्हणजे ग्रेडियंटची उंची फ्रेमवर नेमकी ठरवता येते आणि कडेलाही रंग बसतो. न कापलेली रंगवण्यात फायदा असा की होल्डरच्या पकडीचे डाग कापण्यात निघून जातात. मात्र कापलेल्या लेन्सला हाताचं तेल, घासणीचा चिखल, कागदाचा गोंद, सगळं लागलेलं असतं. ते साध्या द्रव साबणाने, मॉइश्चरायझर नसलेल्या, नीट धुवा. अंगठ्याचा ठसा राहिला तर रंगात तो ठसाच छापून येतो, बोटाच्या रेषांसकट. पोलिसांना द्यायला उपयोगी, गिऱ्हाइकाला नाही.

पॉली टाकीतून काढून लगेच गार पाण्याखाली धरू नका. कोटला बारीक तडे जातात. जरा निवू द्या, मग कोमट पाणी.

भिंगरी

थोडं अवांतर. रंगीत काचा म्हणजे फॅशन हे अलीकडचं. विल्यम क्रूक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१३ च्या सुमारास सेरियम घातलेली काच बनवली ती काचभट्टीवरच्या कामगारांसाठी, त्यांना होणाऱ्या मोतीबिंदूमुळे. आजही काच फुंकणारे डिडिमियमचे (दुर्मिळ धातूंचं मिश्रण घातलेल्या काचेचे) चष्मे वापरतात. सोडियमची ती भगभगीत पिवळी ज्योत, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासची, नेमकी तेवढीच अडते आणि आतली काच दिसते. बुडवून केलेल्या टिंटने असं नेमकं काही साधत नाही, आपले रंग सगळीकडे थोडं थोडं खातात.

मायनस_साडेसहा

मग मायग्रेनसाठी गुलाबी काचा देतात ते काय? मावशीला सांगितल्यात.

डोळस

ती एफएल-४१ नावाची छटा. मुळात ट्यूबलाइटचा त्रास होणाऱ्यांसाठी आली. निळा-हिरवा भाग, साधारण ४८० ते ५२० नॅनोमीटर, जास्त कापते. काहींना खरंच आराम पडतो. ही डाय तयार मिळते आणि बुडवूनच करतात. पण @जुनीफ्रेम, लाल आणि पिवळा मिसळून "तशीच दिसते" म्हणून देऊ नका. डोळ्यांना दोन गुलाबी सारखे दिसले तरी ते वेगवेगळ्या तरंगलांबी कापत असतील. वैद्यकीय छटा मागितली तर त्याच नावाची डाय, आणि सोय असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कुठली तरंगलांबी किती अडते ते मोजणारं यंत्र) मोजून.

मावशींना घरात दिवसभर काळा गॉगल लावू देऊ नका. डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड आणखी बोचतो.

दूरचा_प्रवासी

रात्री गाडी चालवायला पिवळ्या काचा उत्तम. समोरच्या हेडलाइटची तिरीप कमी होते. माझा अनुभव आहे. पिवळा रंग नक्की ठेवा, मागणी भरपूर.

डोळस

मागणी भरपूर आहे, ते खरं. उपयोग आहे का, हा वेगळा प्रश्न. २०१९ मध्ये जामा ऑप्थॅल्मॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात ड्रायव्हिंग सिम्युलेटरवरचा अभ्यास आला होता. पिवळ्या काचांनी रात्री रस्त्यावरची माणसं ओळखण्यात काही सुधारणा दिसली नाही. साहजिक आहे, आधीच कमी असलेला उजेड आपण आणखी कापतो. मानकांत तर ७५ टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणारी काच रात्री चालवायला अयोग्यच धरतात.

दूरचा_प्रवासी

मला बरं वाटतं, एवढंच म्हणणं आहे.

डोळस

बरं वाटणं आणि बरं दिसणं यात रस्त्यावर फरक पडतो हो. दिवसा धुक्यात, नेमबाजीत, पिवळा जरूर लावा.

बाकीच्यांसाठी: गॉगलच्या श्रेणी ० ते ४ असतात. ८० टक्क्यांच्या वर प्रकाश सोडणारी ०, ४३ ते ८० ची १, १८ ते ४३ ची २, ८ ते १८ ची ३ आणि ३ ते ८ ची ४. चारची काच गाडी चालवताना दिवसाही नको. नेहमीचा गॉगल म्हणजे ३. गडद निळा किंवा गडद लाल फॅशन म्हणून मागितला तर सिग्नलचे रंग त्यातून ओळखू येतात का ते आधी तपासा. ग्रे सगळ्यांत निर्धोक, रंग फारसे बदलत नाहीत. ब्राऊनमध्ये निळा जास्त कापला गेल्याने वस्तू ठळक वाटतात.

जुनीफ्रेम

मंडळी, भरून पावलो. सहा टाक्यांचं मशीन घ्यायचं ठरतंय: यूव्ही, ग्रे, ब्राऊन, न्यूट्रलायझर, एक ग्रेडियंटसाठी वेगळा ब्राऊन, आणि एक जागा दुरुस्तीच्या भांड्यांसाठी मोकळी. तयार ग्रे आणि ब्राऊन एकेकच घेतोय. बाकी फॅशनचे रंग मागणी आली की बघू. लाइट बॉक्स आणि मीटर आधी, मोटर नंतर.

रंगारी

हिरव्या जी-१५ छटेची एक बाटली ठेवा, म्हातारी माणसं मागतातच. बाकी ठीक. ग्रे पॉलीला वेगळा लागेल. पॉलीवर जुळणारा ग्रे काही कंपन्या वेगळा विकतात, तो घेतलात तर दुरुस्तीचा त्रास निम्मा.

भिंगरी

आणि लाल, पिवळा, निळा. नोंदवलंय मी.

शून्य_सिलिंडर

न्यूट्रलायझर अगदी शेवटच्या टोकाला ठेवा, ग्रेच्या शेजारी नको. लेन्स इकडून तिकडे नेताना थेंब पडतात आणि ग्रे हळूहळू मरतो, कारण कळत नाही. दोन टाक्यांमध्ये लेन्स दरवेळी धुवायची. प्रत्येक टाकीवर रंग भरल्याची तारीख लिहा. एक वही ठेवा: काच कुठली, कोट कुठला, किती मिनिटं, मीटरवर किती. काही महिन्यांनी तीच वही कॅटलॉगपेक्षा कामाची ठरते.

जुनीफ्रेम

जुना रंग टाकायचा कुठे? बेसिनमध्ये ओतला तर चालतो का?

अक्षवृत्त

आधी बाटलीबरोबर येणारं सुरक्षापत्रक वाचा आणि तुमच्याकडच्या सांडपाण्याच्या नियमांत काय बसतं ते विचारा. न्यूट्रलायझर आणि रंग एकत्र ओतू नका. हातमोजे घाला, आणि टाक्यांच्या वर एक्झॉस्ट लावा, तो मशीनच्या यादीत नसतो.

उगाच_कोणीतरी

बेसिन पांढरं असेल तर आधी मीटरवर मोजून ठेवा.

जुनीफ्रेम

स्टीलचं आहे.

उगाच_कोणीतरी

मग टिंटेबल कोट नाही, निर्धास्त राहा.